हयात माणसाचं नाव

श्रीपाद पुराणिक गुरुजींच्या डोक्यात दीडशे घरांची माणसं राहत होती, आणि ती सगळीच्या सगळी मेलेली होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घर म्हटलं की त्या घराचे बाप, आजे, पणजे गुरुजींना तोंडपाठ, गोत्रासकट, तिथीसकट. श्राद्धाला ते लागतंच. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप, असं एकेकाचं नाव घेऊन तीळपाणी सोडायचं असतं. आता आजच्या यजमानाला पणजोबांचं नाव विचारून बघा! तो आईकडे बघतो, आई पंख्याकडे बघते, आणि मग दोघं मिळून गुरुजींकडे बघतात. गुरुजी नाव सांगतात, यजमान पोपटासारखं म्हणतो, पणजोबा तृप्त. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

वही म्हणाल तर नव्हती. वडिलांची सक्त ताकीद होती, नावं लिहायची नाहीत. "वहीला वाळवी लागते, डोक्याला लागत नाही," असं ते म्हणत. वडील मोठे विद्वान, पण या बाबतीत साफ चुकले. डोक्यालाही लागते. फक्त तिला तीस-चाळीस वर्षं लागतात, आणि वरून काही दिसत नाही.

गुरुजींना कुणी विचारलं असतं, "कसलं टेन्शन आहे का हो?" तर ते हसले असते. टेन्शन नोकरीवाल्यांना. आपलं काय, स्नान, संध्या, दोन घरची पूजा, दुपारी वरणभात. पण घरात पुष्कर होता.

पुष्कर म्हणजे गुरुजींचा धाकटा भाऊ. गुरुजी सदुसष्टचे, पुष्कर साठीचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला भिंतीपलीकडून कुणीतरी बोलतंय असं ऐकू यायला लागलं. आधी अंगारे-धुपारे झाले, मग दवाखाने झाले. औषधानं तो शांत झाला, पण बरा झाला नाही. शांत म्हणजे तासन्‌तास खिडकीत बसून राहायचा, दिलं तर जेवायचा, आणि वर्षातून दोन-तीनदा चपला न घालता घराबाहेर पडायचा. एकदा दतियाच्या स्टेशनवर सापडला, एकदा तीन दिवस सापडलाच नाही. आई जाताना श्रीपादचा हात धरून म्हणाली, "याला कुठं ठेवू नकोस रे. कुणाच्या हातात देऊ नकोस." श्रीपादनं "नाही देणार" म्हटलं. त्याला आता चोवीस वर्षं झाली. श्रीपादसाठी त्याआधी तीन स्थळं आली होती, पुष्करला बघून तिन्ही परत गेली होती. चौथं आलंच नाही. बहीण अवंतिका इंदूरला दिलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा, "दादा, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ." ती निर्धास्त होती, हे खरंच होतं. सगळ्यांच्या वाटणीची काळजी एकट्यानं करायला एक माणूस ठेवलेला असला की बाकीचे निर्धास्तच असतात.

पूर्वी गुरुजी पुष्करला बरोबर घेऊन फिरत. पण सराफा बाजारातल्या एका घरी, वास्तुशांतीच्या दिवशी, पुष्करनं घरमालकिणीला शांतपणे सांगितलं, "या घराला आग लागणार आहे." झालं! तेव्हापासून त्याला नेणं बंद. मग गुरुजी निघताना दाराला बाहेरून कडी घालायचे. पुष्करनं एकदा चहा करतो म्हणून गॅस उघडा ठेवला होता, म्हणून सिलिंडरचा रेग्युलेटर काढून तो स्वतःच्या पिशवीत टाकायचे. दर्भ, तीळ, पळी-पंचपात्र आणि गॅसचा रेग्युलेटर! एका बारशाला तो पिशवीतून घरंगळत पाटापर्यंत गेला, तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गुरुजीही हसले. तोंड मंत्र म्हणत असायचं आणि कान घराच्या कडीला लागलेले असायचे. खिशात फोन थरथरला की हात पळी सोडून खिशाकडे जायचा. रात्रीही तेच, पुष्कर कुशीवर वळला तरी हे उठून बसायचे. सलग झोप कशी असते ते गुरुजी विसरून गेले होते, आणि विसरलोय हेसुद्धा विसरले होते.

दोन वर्षांपासून बारीकसारीक चुका व्हायला लागल्या. स्कूटर बाजारात, बाड्यावर लावून गुरुजी चालत घरी आले आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून आळीभर सांगितलं. एका घरी दोनदा दक्षिणा मागितली. सत्यनारायणाचा चौथा अध्याय वाचून झाल्यावर पुन्हा तिसरा सुरू केला. श्रोते मोबाईलवर होते म्हणून निभावलं. गुरुजी मनाला समजवायचे, वय झालं. पण आत कुठंतरी एक प्रश्न बसलेला होता, आणि तो स्वतःबद्दल नव्हता. आपलं डोकं गेलं तर पुष्करचं काय? आईला दिलेला शब्द आपणच विसरलो तर तो पाळणार कोण? भीती एवढी एकच होती. तिच्यापायी उरलीसुरली झोपही उडाली, आणि झोप उडाल्यावर विसरभोळेपणा आणखी वाढला.

त्या वर्षीच्या पितृपक्षात सप्तमीला गुरुजी कंपू भागातल्या युवराजच्या घरी गेले. युवराजचे वडील जयसिंहराव पोलिसात होते, जाऊन सहा वर्षं झालेली. आई लीलाताई चौऱ्याहत्तरच्या, अजून स्वयंपाकघर त्यांच्याच हाती. गुरुजींची त्या दिवशी पाच घरं होती, हे तिसरं. युवराज इंदरगंजला विमा कंपनीत होता, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून बसलेला. एक डोळा पानावर, एक फोनवर. गुरुजी सांगत गेले, तो म्हणत गेला, पाणी सोडत गेला. पिंड झाले, नैवेद्य झाला, गुरुजी दोन घास जेवले आणि पुढच्या घरी निघाले.

फूलबागेच्या चौकात सिग्नलला थांबले असताना त्यांच्या जिभेवर मघाचे शब्द पुन्हा आले. असं होतं कधी कधी, म्हटलेलं तोंडात घोळत राहतं. आजोबांचं नाव बरोबर. पणजोबांचं बरोबर. आणि वडिलांचं? वडिलांच्या जागी त्यांनी म्हटलं होतं, पुष्कर. एकदा नव्हे, तिन्ही वेळा. आणि युवराजनं तिन्ही वेळा ते मुकाट म्हटलं होतं.

सिग्नल हिरवा झाला, मागून गाड्यांनी हॉर्नचा कलकलाट केला, एक रिक्षावाला "क्या पंडितजी, सो गए क्या?" म्हणून ओरडला. गुरुजींनी स्कूटर कशीबशी कडेला घेतली.  घरात जिवंत बसलेल्या सख्ख्या भावाच्या नावानं आपण तीळपाणी सोडायला लावलं! त्याला पिंड दिला! त्यांनी स्कूटर वळवली ती थेट घरी. कडी काढली. पुष्कर खिडकीत बसला होता. "आज लवकर आलास," म्हणाला. गुरुजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत असा हात कधी फिरवला नव्हता, पुष्कर जरा दचकलाच. उरलेल्या दोन घरी गुरुजींनी त्या दिवशी नावं म्हणताना प्रत्येक नावापाशी थांबून मनात दोनदा तपासली, आणि यजमान कंटाळले.

चार दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण कुणाला कळलंच नव्हतं. मेलेल्या माणसानं तक्रार करायची नसते आणि युवराजला तर बापाऐवजी शेजाऱ्याचं नाव सांगितलं असतं तरी त्यानं म्हटलं असतं. पण गुरुजींना चैन पडेना. जयसिंहराव उपाशी गेले. आणि एकदा चुकलेली जीभ पुन्हा चुकेल, मग पुन्हा, आणि एक दिवस घराचा पत्ता चुकेल. एकादशीला दुपारी ते युवराजच्या दारात जाऊन उभे राहिले.

"युवराज, माझ्या हातून मोठा अपराध झालाय," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. युवराजनं ऐकलं आणि मोठ्यानं हसला.

"अहो गुरुजी, इतकंच ना? मला वाटलं काय झालं! मला तरी कुठं कळलं? चलता है. तुम्ही टेन्शन नका घेऊ, फालतूमध्ये परेशान होऊन राहिलात."

गुरुजींना हे लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं जी नावं जिवापाड सांभाळली, ती कुणी ऐकतच नव्हतं म्हणजे! ते उठणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून लीलाताई हात पुसत बाहेर आल्या.

"तुला नसेल कळलं, मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा ऐकलं मी. आत पुरण वाटत होते, पण कान इकडेच होते."

"मग बोलला का नाहीत, लीलाताई?"

"काय बोलू? पोराच्या हातात तीळपाणी असताना भटजीला टोकायचं? मला वाटलं, तुमच्यात काही नवीन रीत निघाली असेल. मग वाटलं, पुष्करराव गेले की काय! दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडे चौकशी केली मी. म्हटलं, भाऊ गेला असेल तर दहा दिवस सुतक, आणि हे सुतकात आमच्याकडे श्राद्ध करायला आलेच कसे? तर दूधवाला म्हणतो, अम्मा, वो तो खिड़की में बैठे हैं. जीव भांड्यात पडला माझा."

युवराज पुन्हा हसायला लागला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या हाताची बोटं उपरण्याचं टोक पिळत होती.

"लीलाताई," ते म्हणाले, "मला वाटतं ती चूक नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे ते माझ्या मनात असणार. त्याशिवाय इतकी नावं सोडून तेच कसं आलं? मला वाटत असणार, की तो..." पुढचं बोलवेना. मग बोललेच. "की तो माझ्या आधी जावा. लवकर जावा. मी त्याच्यासाठी औषधं आणतो, त्याला आंघोळ घालतो, आणि माझ्या मनात हे असतं. कधीपासून आहे मला माहीत नाही. मी पापी माणूस आहे."

युवराजचं हसू बंद झालं. लीलाताई त्यांच्यासमोर पाट ओढून बसल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या.

"माझ्या सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी देवाला म्हणायची, ने रे बाबा हिला एकदाची. आणि मग रोज त्यांची वेणी घालायची. चांगली घट्ट, तेल लावून. दोन्ही खरं होतं, गुरुजी. आणि मनात आणल्यानं माणूस मरत असता तर आमच्या सासूबाई अकरा वर्षं कशाला जगल्या असत्या? पहिल्या आठवड्यातच गेल्या असत्या!"

गुरुजींना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ हुंदका आला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी रडणं बघितलेला माणूस, पण स्वतः परक्या घरात रडायची ही पहिलीच वेळ. युवराज उठून पाणी घेऊन आला.

"आता ऐका," लीलाताई म्हणाल्या. "सर्वपित्रीला येऊन ह्यांचं पुन्हा करायचं. हयातीत जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर ताट भिरकावायचे हे. आठ दिवस उपाशी ठेवलंत, माझं काही खरं नाही. आणि दुसरं, उन्नतीबरोबर डॉक्टरकडे जायचं. नाही म्हणायचं नाही."

उन्नती ही युवराजची मुलगी, मानसशास्त्रात एम.ए. करत होती. गुरुजींना डॉक्टर म्हटलं की पुष्करचे डॉक्टर आठवत. आपल्यासाठी डॉक्टर ही कल्पनाच त्यांना चैनीची वाटे. पण सोनारानं कान टोचले म्हणतात ना, तसं झालं. सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध पुन्हा झालं. लीलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येक वेळी गुरुजींच्या आधी त्यांनीच खणखणीत आवाजात नवऱ्याचं नाव घेतलं. हयातीत त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं.

डॉक्टर गरिमा पस्तिशीच्या होत्या आणि हिंदीतच बोलत. त्यांनी पाच शब्द सांगितले, नदी, कुर्सी, आम, घंटी, हरा, आणि म्हणाल्या, "थोड़ी देर बाद पूछूँगी." मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग शब्द विचारले. गुरुजींना नदी आठवली, आंबा आठवला. बाकी तीन गेले ते गेलेच. गुरुजी चिडले. त्यांनी तिथंच खुर्चीवर बसून रुद्राचा पहिला अनुवाक न अडखळता म्हणून दाखवला. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून बघायला लागले.

"बहुत सुंदर," डॉक्टर म्हणाल्या. "ये बचपन का है, इसलिए पक्का है. नया जो डाल रहे हैं, वो नहीं टिक रहा." मग त्यांनी विचारलं, "आख़िरी बार पूरी रात कब सोए थे?"

गुरुजी विचार करू लागले. डॉक्टर थांबल्या. उन्नती थांबली. बराच वेळ झाला तरी गुरुजींना उत्तर सापडेना, आणि हे काही विसरल्यामुळे नव्हतं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो झाला. रक्तदाब वाढलेला निघाला, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. डॉक्टरांनी समजावलं ते उन्नतीनं मराठीत पुन्हा सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं तिच्या नेहमीच्या भाषेत. "गुरुजी, ऐका. संकट आलं ना, तर शरीर एक रस सोडतं, धावायला, लढायला. संकट गेलं की तो उतरतो. तुमचं संकट गेलंच नाही. इतकी वर्षं शरीर पहाऱ्यावर आहे, ऊपर से नींद नहीं. मेंदूत नवीन गोष्ट साठवायची जी जागा असते ना, तिला हे सोसत नाही. हळूहळू खराब होते."

"म्हणजे मला वेड लागणार?"

"ते कुणीच नाही सांगू शकत. डॉक्टर म्हणाल्या, ये पक्का भी नहीं है, और मामूली भी नहीं है. आत्ता जे विसरताय त्यातलं काही परत येऊ शकतं. ब्लडप्रेशर सांभाळायचं, इंजेक्शनं घ्यायची, चालायचं. पण मेन गोष्ट म्हणजे झोप. आणि ती गोळीनं नाही येणार. पुष्करकाकांचं ओझं कुणीतरी वाटून घ्यायला पाहिजे."

तिच्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं. फूलबागेमागच्या गल्लीत एका ट्रस्टचं केंद्र होतं, अशा माणसांसाठी, दहा ते चार. तिथं कागदी पाकिटं करत, बाग करत, जेवत, संध्याकाळी घरी जात. उन्नती तिथं शिकायला जायची. पुष्करलाही सोमवार, बुधवार, शुक्रवार तिथं न्यायचं.

"जमणार नाही," गुरुजी म्हणाले. "आईला शब्द दिलाय. कुणाच्या हातात देणार नाही."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर? तब किसके हाथ में जाएँगे काका?"

 इतके दिवस हाच प्रश्न गुरुजींना कुरतडत होता, आणि एका पोरीनं तो तोंडावर फेकला. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि गुरुजींना ओलांडून सरळ खिडकीपाशी गेली. "पुष्करकाका, आमच्याकडे येणार का, पाकिटं करायला?" चोवीस वर्षांत पुष्करला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, गुरुजींनीसुद्धा नाही. पुष्करनं खिडकीतून मान वळवली.

"खिडकी आहे का तिथं?" त्यानं विचारलं.

"तीन आहेत."

"मग येतो," म्हणाला.

पहिल्या दिवशी गुरुजींनी त्याला सोडलं आणि केंद्रासमोर स्कूटरवरच बसून राहिले. दहा ते चार! ऊन वर आलं तसे सावलीकडे सरकत गेले, पण हलले नाहीत. बुधवारीही तसेच. शुक्रवारी उन्नतीनं बाहेर येऊन चक्क दटावलं, "गुरुजी, पहारा इथं हलवायला नाही सांगितला डॉक्टरांनी! घरी जा." मग ते घरी गेले आणि रिकाम्या घरात उभे राहिले. काय करायचं तेच कळेना. कडी घालायची नव्हती, रेग्युलेटर काढायचा नव्हता. त्यांनी सगळी भांडी घासली, मग घासलेली पुन्हा घासली आणि तीन वाजताच केंद्रावर हजर झाले.

असे दोन महिने गेले. पुष्कर पाकिटं करायला शिकला. वाकडी करायचा, पण करायचा. हिवाळा आला. मार्गशीर्षातल्या एका बुधवारी गुरुजी भाकरी खाऊन ओसरीवरच्या उन्हात जरा टेकले. पाठ शेकत होती. एवढंच त्यांना आठवतं.

जागे झाले तेव्हा ऊन गेलं होतं. अंगणात गारवा उतरला होता आणि शेजारच्या घरात दिवा लागला होता. त्यांनी घड्याळ बघितलं. पावणेसहा! चारला केंद्र बंद होतं. त्यांनी फोन उचलला, त्यावर एकही मिस्ड कॉल नव्हता.  फोन केला नाही याचा अर्थ पुष्कर तिथं नाही, सगळे त्यालाच शोधत फिरत असणार. निघून गेला. मी विसरलो. आईला दिलेला शब्द मी झोपेत विसरलो. डॉक्टर पक्कं नाही म्हणाल्या होत्या, आणि झालंच. ते तसेच, उपरणं न घेता, स्कूटर काढून निघाले. फूलबागेपर्यंत रस्ता कसा कापला ते त्यांना कळलं नाही.

केंद्राचं फाटक बंद होतं. दाराबाहेरच्या पायरीवर दोघं बसले होते. उन्नतीची शाल पुष्करच्या अंगावर होती आणि दोघं शेंगदाणे खात होते.

गुरुजी स्कूटरवरून उतरले तेच ओरडत. "अगं, फोन का नाही केलास? जीव गेला ना माझा इथं येईपर्यंत!"

"मी करत होते, गुरुजी. चार वाजताच लावत होते," उन्नती म्हणाली. "काकांनी फोन हातातून काढून घेतला. देईचनात. म्हणाले, नको करूस, दादा झोपलाय."

गुरुजी पुष्करकडे वळले. "तुला कसं कळलं?"

"तू आला नाहीस ना," पुष्कर म्हणाला. "तू जागा असतास तर आला असतास." मग त्यानं मुठीतले शेंगदाणे सोलून त्यातले चार गुरुजींच्या हातावर ठेवले. "मी रोज बघतो, दादा. तू उठून बसतोस, माझ्याकडे बघतोस. मी डोळे मिटून घेतो, तुला झोप लागावी म्हणून. पण तुला लागतच नाही."

गुरुजी त्या पायरीवर बसले.  डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. गल्लीतून माणसं जात-येत होती, एकदोघांनी ओळखून नमस्कारही केला. उन्नती उठून स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

पुष्करनं उरलेले शेंगदाणे संपवले, टरफलं गोळा करून खिशात घातली आणि उठला.

"शुक्रवारी आणखी उशिरा ये," तो म्हणाला.